गेंड्या भुंग्याची पुन्हा ओळख

इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया, किल्ले आठवतात. आज आम्ही एका भुंग्याचा इतिहास सांगणार आहोत. हा भुंगा आपल्या कोकणात, गोव्यात, केरळात माडाच्या शेंड्यात बसतो. गावोगाव त्याला गेंड्या भुंगा म्हणतात, कारण त्याच्या डोक्यावर गेंड्यासारखं एक शिंग असतं. आपण त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. पण याच भुंग्याने हजारो मैलांवरच्या बेटांवर काय केलं, आणि ‘हा तर आपल्या ओळखीचाच’ असं समजणाऱ्या शास्त्रज्ञांना त्याची ओळख पुन्हा नव्याने का करून घ्यावी लागली, ते फार थोड्या जणींना माहीत असेल. ज्या बचत गटांचा शेणखताचा किंवा कंपोस्टचा व्यवसाय आहे, ज्यांच्या परसात चार माड आहेत, त्यांनी हे नीट ऐकावं.

नाव मिळालं, पण ओळख पटली का?

आधी भुंगा कसा असतो ते पाहू. पूर्ण वाढलेला गेंड्या भुंगा दीड ते दोन इंच लांब, काळा, चकचकीत. शिंग नराला असतं तसं मादीलाही असतं, फक्त नराचं लांब आणि मादीचं आखूड. शिंगावरून नक्की सांगता येत नसेल तर उलटा करून शेपटीकडचं टोक पाहायचं. तिथे तांबूस केसांचा झुपका दिसला तर ती मादी.

1758 साली स्वीडन देशातल्या कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात जगभरच्या प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावं दिली. माणसाचं जसं नाव आणि आडनाव, तसंच. त्यात आपल्या या भुंग्यालाही नाव मिळालं. पुढे त्याचं आडनाव बदललं आणि आज त्याला ओरिक्टस ऱ्हायनोसेरॉस म्हणतात. ओरिक्टस म्हणजे खणणारा आणि ऱ्हायनोसेरॉस म्हणजे गेंडा. ‘खणणारा गेंडा’! आपल्या बायाबापड्यांनी ठेवलेलं नाव आणि त्या ग्रंथातलं नाव एकाच अर्थाचं निघालं.

गंमत अशी की त्याच ग्रंथात लिनियसने युरोपातल्या दुसऱ्या एका शिंगवाल्या भुंग्यालाही नाव दिलं. दिसायला दोघे भाऊभाऊ. पण तो युरोपातला भुंगा कुजक्या लाकडात, पालापाचोळ्यात वाढतो आणि झाडाला काही त्रास देत नाही. आज जर्मनीत त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडचा मात्र माडाच्या मुळावर उठलेला. दोघांची तोंडं सारखी, पण करणी अगदी वेगळी.

म्हणूनच किड्यांचा अभ्यास करणारे लोक जुन्या वर्णनावर थांबत नाहीत. अडीचशे वर्षांपूर्वीची वर्णनं एक-दोन ओळींची असत. कधी एकच नमुना पाहून लिहिलेली, कधी फक्त नर पाहून, तर कधी तो किडा नेमक्या कोणत्या गावचा, कोणत्या बेटावरचा, याची नोंदच नाही. मग नंतरचे अभ्यासक संग्रहालयातले जुने नमुने बाहेर काढतात, नवीन गोळा करतात, नर, मादी, अळी सगळं तपासतात, आतल्या अवयवांचा आकारही पाहतात, आणि तोच किडा पुन्हा पहिल्यापासून लिहून काढतात. याला पुनर्वर्णन म्हणतात. नाव जुनंच राहतं, ओळख नव्याने होते. ऐकायला हे काम कोरडं वाटेल. पण त्यावर लाखो माणसांचं पोट कसं अवलंबून असतं, ते पुढच्या गोष्टीत कळेल.

रबराच्या रोपांबरोबर आलेला पाहुणा

नकाशावर प्रशांत महासागर पाहिला तर हवाई आणि न्यूझीलंड यांच्या मध्ये सामोआ नावाची बेटं दिसतात. तिथले लोक नारळाला ‘निऊ’ म्हणतात. आपल्यासारखंच त्यांचंही सगळं माडावर चालतं. झावळ्यांच्या टोपल्या, छपराला झावळ्या, जळणाला करवंट्या, जेवणात नारळाचं दूध. अळूच्या कोवळ्या पानात घट्ट नारळाचं दूध बांधून भाजायचं, हा त्यांचा आवडता पदार्थ. अळूवडी करणाऱ्या आपल्या बायकांना त्या घरात परकं वाटणार नाही.

1900 सालापासून पश्चिम सामोआवर जर्मनीचं राज्य होतं. सुकं खोबरं, म्हणजे कोप्रा, हा तिथला मोठा व्यापार. त्याच्या तेलापासून युरोपात साबण बनत, म्हणून भाव चांगला होता. पुढे रबराला मागणी वाढली तशी मळेवाल्यांनी रबराची लागवड सुरू केली. रोपं आणली सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून. ही गोष्ट 1909 सालच्या सुमाराची. त्या रोपांच्या मातीतून आपला गेंड्या भुंगा सामोआच्या उपोलू बेटावर उतरला.

भारत, श्रीलंका, मलाया, इंडोनेशिया हे या भुंग्याचं माहेर. माहेरी त्याच्यावर नजर ठेवणारे खूप असतात. त्याला रोग लावणाऱ्या बुरश्या, विषाणू, त्याच्या अळ्या खाणारे प्राणी आणि पक्षी. सामोआत यातलं फारसं कोणी नव्हतं. माड मात्र भरपूर. मळ्यांमध्ये तोडलेली झाडं कुजत पडलेली. भुंग्याला आणखी काय हवं होतं?

त्याची रीत लक्षात घ्या. भुंगा रात्री उडतो, माडाच्या शेंड्यात शिरतो आणि अजून न उघडलेली सुई, म्हणजे कोवळं मिटलेलं पान, पोखरून त्याचा रस पितो. पुढे ते पान उघडलं की कात्रीने कापल्यासारखं दिसतं, पंख्यासारखं किंवा त्रिकोणी. पोय पोखरली तर नारळच धरत नाही. अगदी वाढीचा कोंबच खाल्ला तर माड मरतो. माडाला फांद्या नसतात. एकच शेंडा, तो गेला की सगळं गेलं. पण अंडी मात्र मादी माडात घालत नाही. ती घालते कुजणाऱ्या ओंडक्यात, पालापाचोळ्यात, शेणखतात. तिथे पांढरी, जाड, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली अळी काही महिने वाढते, कोषात जाते आणि मग भुंगा होऊन माडाकडे उडते. म्हणजे नुकसान शेंड्यात दिसतं, पण पाळणा खाली जमिनीवर असतो.

हे कळल्यावर जर्मन सरकारने लोकांवर सक्ती केली. ठरावीक दिवशी भुंगे, अळ्या, अंडी शोधून जमा करायची. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, 1914 साली, न्यूझीलंडने बेट ताब्यात घेतलं. राज्य बदललं, भुंगे वेचणं सुटलं नाही. युद्धाच्या आधीच कार्ल फ्रीडरिक्स नावाचे एक जर्मन कीटकशास्त्रज्ञ तिथे आले होते. त्यांनी कुजक्या पाल्याचे ढीग मुद्दाम रचले आणि त्यात किड्याला मारणारी हिरवी बुरशी घातली. मादी अंडी घालायला यायची आणि अळ्या बुरशीने मरायच्या. हीच बुरशी आज आपण मेटारायझियम नावाने उसाच्या हुमणीसाठी वापरतो. हुमणी आणि गेंड्या एकाच मोठ्या कुळातले, त्यामुळे औषधही लागू पडतं.

एक छोटं बेट जिंकलं

भुंगा सामोआत थांबला नाही. जहाजांच्या मालातून, झाडांच्या ओंडक्यांतून तो बेटाबेटाने पुढे सरकला. 1921 साली तो टोंगा देशातल्या निउआटोपुटापु नावाच्या लहानशा बेटावर सापडला. तिथे लोकांनी कुजकं लाकूड, पडके ओंडके, पाल्याचे ढीग शोधशोधून नष्ट केले. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. 1922 ते 1930 असं सतत काम चाललं, आणि बेट भुंग्यापासून पूर्ण मुक्त झालं. प्रशांत महासागरातल्या या भुंग्याच्या इतिहासात हे यश फार मोठं मानलं जातं. त्या काळी ना विषाणू होता, ना आजचे सापळे. गावाने मिळून केलेली सफाई हेच मुख्य हत्यार.

याच्या उलट पलाऊ बेटांवर झालं. तिथे भुंगा 1942 च्या सुमाराला पोहोचला. दुसऱ्या महायुद्धाचा काळ. माड तुटून पडलेले, त्यांची विल्हेवाट लावायला माणसं नाहीत. तुटलेला प्रत्येक माड भुंग्याचा पाळणा झाला. दहा वर्षांच्या आत तिथले निम्म्याच्या आसपास माड मेले. भुंग्याला युद्धाने जेवढी मदत केली तेवढी कोणीच केली नसेल.

1950 च्या दशकात भुंगा फिजीत पोहोचला. आता मात्र सगळ्या बेटांना धास्ती बसली. 1964 साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सामोआत एक मोठा प्रकल्प सुरू झाला.

माहेरचा रोग कामी आला

शास्त्रज्ञांनी विचार केला की भुंगा त्याच्या माहेरी एवढा माजत नाही, मग तिथे त्याला कोण आवरतं? अलॉइस हुगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला 1963 साली मलायात आजारी अळ्या सापडल्या. त्या फुगलेल्या आणि काचेसारख्या पारदर्शक दिसत होत्या. तपासल्यावर कळलं की हा एक विषाणू आहे. माणसाला, गुराढोरांना तो काही करत नाही. भुंग्याला मात्र धरतो.

1967 साली हा विषाणू सामोआत सोडला. मादी अंडी घालायला येईल अशा कुजक्या ढिगांत तो मिसळला. आजारी भुंगा लगेच मरत नाही. तो उडत राहतो, दुसऱ्या भुंग्यांना भेटतो, त्याच्या विष्ठेतून विषाणू नव्या ढिगांत पसरतो. म्हणजे रोग पसरवण्याचं काम भुंगाच करतो. आजारी मादी अंडीही कमी घालते. थोड्याच काळात सामोआतलं नुकसान झपाट्याने उतरलं. मग फिजी, टोंगा आणि इतर बेटांनी हाच मार्ग धरला.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. केरळातल्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर हा विषाणू सोडला आणि तिथल्या माडांचं नुकसान कमी झाल्याचं दाखवून दिलं. अरबी समुद्रातलं ते छोटं बेट आपल्याच देशातलं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुढे 1995 साली आणखी एक शोध लागला. नर भुंगा एक वास सोडतो आणि त्या वासाला नर-मादी दोघेही येतात. तो वास कृत्रिमरीत्या तयार झाला. आज बाजारात मिळणारे गंध सापळे याच शोधातून आले.

चाळीस वर्षं सगळं ठीक चाललं. प्रश्न सुटला असंच सगळ्यांना वाटलं. इथेच गोष्ट वळते.

नाव तेच, भुंगा वेगळा

2007 सालच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या गुआम बेटावर गेंड्या भुंगा सापडला. सुरुवातीला कोणी फार घाबरलं नाही. भुंगा ओळखीचा, औषध माहीत. गंध सापळे लावले, कुजके ओंडके हटवले, अळ्यांचा वास घेणारी कुत्रीसुद्धा शिकवून तयार केली. आणि विषाणू आणला.

पण भुंगे मरेनात.

इतकी वर्षं बेटामागून बेट वाचवणारा विषाणू गुआमच्या भुंग्यांपुढे निकामी ठरला. शिवाय त्यांच्या अळ्या उंच माडाच्या शेंड्यात, झावळ्यांच्या बेचक्यात साठलेल्या कुजक्या कचऱ्यातही सापडू लागल्या. पाळणा जमिनीवर असतो ही पक्की समजूत होती. आता वरही पाहावं लागलं. 2015 साली गुआमवर डॉल्फिन नावाचं वादळ आलं, झाडं पडली, हिरव्या कचऱ्याचे ढीग साचले आणि भुंग्यांचा उद्रेक झाला. युद्धाने पलाऊत जे केलं ते इथे वादळाने केलं.

आता शास्त्रज्ञांना प्रश्न पडला की हा खरंच तोच भुंगा आहे का? डोळ्यांनी पाहून काही फरक कळेना. शिंग तसंच, रंग तसाच, आकार तसाच. मग त्यांनी वेगवेगळ्या बेटांवरचे भुंगे गोळा केले आणि त्यांच्या पेशीतल्या जनुकाची अक्षरं वाचली. 2017 साली त्यांनी निष्कर्ष छापला. गुआममधला भुंगा त्याच जातीचा आहे, पण वेगळ्या घराण्याचा. सामोआ-फिजीकडच्या जुन्या भुंग्यांपासून त्याची वंशावळ वेगळी निघते आणि तेव्हा वापरात असलेल्या विषाणूला तो दाद देत नाही. गुआमच्या नावावरून त्याला ‘जी’ गट म्हणतात.

मग मागे वळून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. 2009 साली पापुआ न्यू गिनीच्या राजधानीत, 2013 च्या अखेरीस हवाईत, 2015 साली सॉलोमन बेटांवर जे नवे भुंगे आले होते, ते याच घराण्याचे होते. पुढे 2019 साली व्हानुआटू आणि न्यू कॅलेडोनियातही तो पोहोचला. सगळ्यांकडे नोंद एकाच नावाने होत होती, म्हणून ‘भुंगा आला, विषाणू आणा’ एवढंच सुचत होतं. ओळख अपुरी होती, त्यामुळे औषध चुकत होतं. दरम्यान जी वर्षं गेली, त्यात किती माड गेले असतील, याचा हिशेब ज्यांचं पोट माडावर आहे त्यांनीच करावा. गेलेला माड पुन्हा फळावर यायला पाच-सात वर्षं तरी जातात.

आज तिथले शास्त्रज्ञ या घराण्याला लागू पडेल असा विषाणूचा प्रकार शोधत आहेत. लिनियसने 1758 साली नाव दिलेल्या भुंग्याची ओळख अजून पूर्ण झालेली नाही.

आपल्यासाठी यात काय आहे?

एक म्हणजे, ‘भुंगा लागला’ एवढं म्हणून थांबायचं नाही. कोणता भुंगा ते पाहायचं. आपल्याकडे माडाला गेंड्याही लागतो आणि सोंड्याही. गेंड्या काळा, शिंगवाला. सोंड्या तांबूस, पुढे बारीक सोंड असलेला. गेंड्याचा मोठा भुंगा शेंडा खातो आणि त्याची अळी कुजक्या खतात असते, तिला सहा पाय असतात. सोंड्याची अळी बिनपायाची आणि ती माडाच्या खोडातच राहून आतून पोखरते. गेंड्याने केलेल्या जखमेच्या वासाने सोंड्या येतो, म्हणून पुष्कळदा दोघे एकाच माडावर सापडतात. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

दुसरं म्हणजे, पाळणा आपल्याच अंगणात असतो. शेणखताचा खड्डा, उकिरडा, पडलेला माडाचा ओंडका, भाताच्या तुसाचा जुना ढीग, हे सगळं तपासायचं. आपण बचत गटातून कंपोस्ट विकत असू तर हे आणखी महत्त्वाचं, कारण पोत्यात अळ्या गेल्या तर आपणच दुसऱ्याच्या बागेत भुंगा पाठवतो. सिलोनहून सामोआला तो असाच गेला होता. खत भरण्याआधी ते पसरून पाहावं. जाड पांढऱ्या अळ्या वेचून नष्ट कराव्यात. खड्डा वरचेवर उकरावा. कोंबड्या सोडल्या तर त्या आवडीने अळ्या टिपतात. मेटारायझियम वापरायचं असेल तर प्रमाण कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावं. कोकणातल्या भगिनींना रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रातही विचारता येईल.

तिसरं, हे काम एका घराने करून भागत नाही. माझा खड्डा स्वच्छ आणि शेजारणीचा ओंडका कुजतोय, तर भुंगा रात्री कुंपण ओलांडून येणारच. निउआटोपुटापुच्या लोकांनी बेट मोकळं केलं ते सगळ्यांनी मिळून आणि आठ वर्षं चिकाटीने. वादळानंतर तर हे लगेच करावं लागतं. 2020 साली निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कितीतरी माड-पोफळी आडव्या झाल्या, ते आपण विसरलेलो नाही. पडलेला माड अंगणात कुजत ठेवणं म्हणजे काय, हे पलाऊ आणि गुआमच्या लोकांनी भोगून पाहिलं आहे.

आणि शेवटचं. बागेत काही वेगळं दिसलं, नेहमीचं औषध लागू पडेनासं झालं, अळी नेहमीच्या जागी न मिळता भलतीकडे मिळाली, तर ‘आपल्याला काय कळतंय’ असं म्हणून सोडून देऊ नका. भुंगा बाटलीत घाला, कुठे सापडला, कधी सापडला, कशावर सापडला ते चिठ्ठीवर लिहा आणि कृषी सहायकाला दाखवा. कोणत्याही किड्याची नवी ओळख अशाच नमुन्याने आणि अशाच चिठ्ठीने सुरू होते. ज्या बाईचा हात रोज खतात असतो, तिला बदल सगळ्यांच्या आधी दिसतो.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. कोणाकडे किती खड्डे, किती पडके ओंडके, कोणाच्या माडाला कात्रीने कापल्यासारखी पानं, एवढं वहीत लिहून काढा आणि सफाईचा एक दिवस ठरवा. काय आढळलं ते आम्हाला कळवा. तुमच्या नोंदी आम्ही या कार्यक्रमात वाचून दाखवू.